वारेला वाढायला सांगतं कोण?

विचारणाऱ्या ताई हडपसरच्या, वय ३३, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेल्या. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: पहिल्या खेपेला ३१व्या आठवड्यात बीपी १७०/११० वर गेलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली (या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात), तातडीनं सिझर झालं. बाळ ११४० ग्रॅमचं. महिनाभराहून जास्त एनआयसीयूत होतं; आता तीन वर्षांची मुलगी घरभर धावते. सिझरच्या आधी काढलेल्या रक्तात पीएलजीएफ, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणारा वारेचा ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन), फारच कमी होतं. वारेच्या (प्लासेंटाच्या) रिपोर्टमध्ये ‘डेसिड्युअल आर्टेरिओपथी’ असं लिहिलं आहे, त्याचा अर्थ कुणी समजावून सांगितला नाही. आता दुसऱ्या बाळाचा विचार आहे. एका सेंटरमध्ये रक्तातल्या एनके (नॅचरल किलर, म्हणजे प्रतिकार यंत्रणेतल्या मारक पांढऱ्या) पेशी मोजल्या, त्या १८ टक्के निघाल्या. ‘तुमची प्रतिकारशक्ती वारेवर हल्ला करते, म्हणून ती वाढत नाही,’ असं सांगून इंट्रालिपिडची (चरबीच्या द्रावणाची) सलाइन आणि स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवल्या. प्रश्न दोन आहेत. प्रतिकार पेशींचा आणि वारेतल्या ग्रोथ फॅक्टरचा नेमका संबंध काय? आणि प्रतिकारशक्ती दाबली तर पीएलजीएफ वाढेल का? ‘वरवरचं सांगू नका, मी वाचू शकते,’ असंही खाली लिहिलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात पैसा आणि औषधं गुंतली आहेत. नाही, वाढणार नाही. वारेला वाढायला सांगणाऱ्यांमध्ये तुमच्याच प्रतिकार पेशी पहिल्या रांगेत असतात. त्यांचं काम कमी पडलं, चुकीच्या वेळी झालं किंवा प्रमाणाबाहेर गेलं की पीएलजीएफ घसरतं. सरसकट दाबून टाकणं हे यातल्या कशावरच उत्तर नाही. आता पहिला प्रश्न सविस्तर घेऊ.

‘हल्ला’ ही कल्पना आली कुठून? १९५३ साली पीटर मेडावार यांनी एक साधा आणि फार चांगला प्रश्न विचारला होता. परक्या माणसाची त्वचा आपल्या अंगावर लावली तर शरीर ती फेकून देतं. मग निम्मं वडिलांचं असलेलं बाळ आई नऊ महिने कसं सांभाळते? प्रश्न बरोबर होता, पण त्यात एक गृहीतक दडलेलं होतं: आईची प्रतिकार यंत्रणा गप्प बसली तरच बाळ टिकणार. पुढची कित्येक वर्षं सगळे ती गप्प कशी बसते हेच शोधत राहिले. मुळात वारेचा पृष्ठभाग त्वचेसारखा नाहीच. गर्भपिशवीच्या अस्तरात शिरणाऱ्या वारेच्या पेशींवर, म्हणजे ट्रोफोब्लास्टवर, एचएलए-ए आणि एचएलए-बी ही परकेपणाची मुख्य ओळख नसतेच. असतात त्या एचएलए-जी, एचएलए-ई आणि एचएलए-सी. यातल्या सी वर वडिलांकडून आलेला वाटा आईच्या पेशींना दिसतो. म्हणजे ओळख होतेच, पण ओळख झाल्यावर काय होतं ते वेगळं आहे.

ही दिशा बदलण्यात कॅनडातल्या एडमंटनच्या टॉमस वेगमन यांचा वाटा मोठा. १९८० च्या दशकात त्यांच्या गटानं उंदराच्या वारेतल्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्यात टी-पेशींनी सोडलेली रसायनं घातली. जीएम-सीएसएफसारखे सायटोकाइन (प्रतिकार पेशींचे निरोप नेणारे रेणू) मिळाल्यावर वारेच्या पेशी मरायच्या ऐवजी जोमानं वाढायला लागल्या. आईची प्रतिकार यंत्रणा वारेला खाऊपिऊ घालते, असा विचार त्यांनी मांडला. पुढे जीएम-सीएसएफ नसलेल्या उंदरांमध्ये वारेची घडण बिघडलेली आणि पिल्लांची वाढ खुंटलेली दिसली. सीएसएफ-१ या दुसऱ्या सायटोकाइनचं प्रमाण गाभण उंदरीच्या गर्भाशयात सुमारे हजारपट वाढतं. १९९२ मध्ये एलआयएफ नावाचा सायटोकाइन नसलेल्या उंदरींमध्ये गर्भ रुजलेच नाहीत. तेच गर्भ दुसऱ्या, निरोगी मादीत ठेवल्यावर मात्र रुजले. म्हणजे दोष गर्भात नव्हता, आईकडून यायचा निरोपच आला नव्हता.

आता माणसाकडे येऊ, आणि तुमच्या एनके पेशींकडे.

पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉन वाढलं की गर्भपिशवीचं अस्तर बदलायला लागतं. दिवस गेले तर त्याचं जाड, रसरशीत डेसिड्युआ तयार होतं. अस्तरातल्या पेशी आयएल-१५ सोडतात आणि त्यावर एनके पेशींची एक खास जात तिथे पोसली जाते. पहिल्या तीन महिन्यांत डेसिड्युआतल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. शरीरात दुसऱ्या कुठल्याही जागी एनके पेशींची एवढी गर्दी सहसा नसते. रक्तातल्या एनके पेशी वेगळ्या: त्यांच्यावरच्या खुणा वेगळ्या, स्वभाव वेगळा, मारण्याची ताकद कितीतरी जास्त. डेसिड्युआतल्या पेशींमध्ये मारायला लागणारे कण असतात, पण त्या ट्रोफोब्लास्टला मारत नाहीत. त्यांच्याशी रसायनांतून बोलत राहतात.

काय बोलतात ते २००६ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या गटानं नीट दाखवलं. डेसिड्युआतल्या एनके पेशी आयएल-८ आणि आयपी-१० सोडतात. ट्रोफोब्लास्टवर त्यांचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारे रेणू) असतात आणि त्या खुणेच्या दिशेनं ट्रोफोब्लास्ट अस्तरात आत सरकतात. याच एनके पेशी व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारे घटकही बनवतात. म्हणजे तुमच्या रिपोर्टवर जे कमी आलं, त्याचा सुरुवातीचा स्थानिक साठा घालणाऱ्यांत याच पेशी आहेत, ज्यांना तुमच्यासमोर आरोपी म्हणून उभं केलं गेलं. नंतर रक्तात जे पीएलजीएफ मोजतात ते मुख्यत: वारेच्या बाहेरच्या थरातून, सिन्सिशिओट्रोफोब्लास्टमधून येतं. पण तो थर धड वाढण्यासाठी लागणारा रक्तपुरवठा पहिल्या काही आठवड्यांत कसा बांधला गेला, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

इथे तुमचा डेसिड्युअल आर्टेरिओपथीचा रिपोर्ट उघडू.

गर्भपिशवीच्या भिंतीतून वारेखाली शंभरएक वळणदार धमन्या येतात, त्यांना स्पायरल आर्टरी म्हणतात. नेहमीच्या धमनीला स्नायूचं अस्तर असतं, ती आकुंचन पावते, पसरते. दिवस राहिल्यावर आधी एनके पेशी आणि मॅक्रोफाज (गिळंकृत करणाऱ्या प्रतिकार पेशी) त्या भिंतीभोवती जमून तिला सैल करतात, मग ट्रोफोब्लास्ट आत शिरून स्नायूच्या जागी स्वतः बसतात. नीट बदललेली धमनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर भिंतीत स्नायू जवळपास दिसत नाही. गुलाबी, एकसंध पट्टा आणि त्यात विखुरलेल्या मोठ्या, गडद केंद्रकाच्या ट्रोफोब्लास्ट पेशी दिसतात, आणि मधली पोकळी ऐसपैस. अशा धमनीचं वारेकडचं तोंड २ ते ३ मिलिमीटरपर्यंत रुंदावतं. तुमच्यासारख्या रिपोर्टच्या स्लाइडवर वेगळं चित्र असतं. स्नायूचे थर गोल गोल तसेच शाबूत, पोकळी चिंचोळी, भिंतीचा काही भाग मरून चकचकीत गुलाबी झालेला, आणि त्यात चरबी गिळून फुगलेल्या, फेसाळ दिसणाऱ्या मॅक्रोफाज पेशी. धमनी बदलायला सुरुवात झाली आणि मध्येच थांबली, असं ते चित्र सांगतं. बागेतल्या पाइपचं तोंड बोटानं दाबलं की पाणी जसं फवाऱ्यानं उडतं, तसं रक्त वारेवर आदळतं. रुंद तोंडातून ते सेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर वेगानं यायला हवं. चिंचोळ्यातून १ ते २ मीटर वेगानं येतं. त्यानं वारेचे नाजूक पदर फाटतात, आणि पुरवठा कधी भरपूर तर कधी अडलेला असा राहतो.

हे बदल घडवण्यात सायटोकाइनचा हात किती, ते उंदरांवर अगदी स्पष्ट दिसलं. कॅनडातच ॲन क्रॉय यांच्या गटानं २००० साली एनके पेशी नसलेल्या उंदरी घेतल्या. त्यांच्या धमन्या बदलल्याच नाहीत. मग त्यांना इंटरफेरॉन-गॅमा टोचलं, तर धमन्या बदलायला लागल्या. इंटरफेरॉन-गॅमा हा तोच सायटोकाइन, जो गर्भारपणात ‘वाईट’ म्हणून पुस्तकांत लिहिलेला असतो. अर्थात उंदराची वार माणसाइतकी खोल रुजत नाही, म्हणून तिथला निष्कर्ष जसाच्या तसा आपल्यावर लावू नये.

माणसांतला पुरावा केंब्रिजच्या ॲशली मॉफेट यांच्या कामातून येतो आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. एनके पेशींवर केआयआर नावाचे ग्राहक असतात. काही पेशीला आवरतात, काही चेतवतात. ते ट्रोफोब्लास्टवरच्या एचएलए-सी ला धरतात. २००४ मध्ये त्यांच्या गटाला दिसलं की आईकडे चेतवणारे ग्राहक जवळपास नाहीत (केआयआर एए) आणि बाळाकडे एचएलए-सी२ (एचएलए-सी चा एक प्रकार) आहे, अशी जोडी जमली की प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका वाढतो. म्हणजे एनके पेशींना जास्तच आवर बसतो तेव्हा. उलट बाजूही २०१३ मध्ये पुढे आली: केआयआर२डीएस१ हा चेतवणारा ग्राहक असेल तर एनके पेशी जीएम-सीएसएफ सोडतात आणि त्यानं ट्रोफोब्लास्टचं आत सरकणं वाढतं. आता सांगा, हल्ला थोपवायचा म्हणून या पेशींना दाबणं कितपत शहाणपणाचं?

लगाम मात्र लागतोच. ट्रोफोब्लास्ट मनमानी खोल गेला तर वार गर्भपिशवीच्या स्नायूत चिकटते, आणि सिझरच्या जुन्या व्रणावर असं झालं की आमची झोप उडते. तो लगाम टीजीएफ-बीटा लावतो. तोही प्रतिकार पेशी आणि डेसिड्युआ मिळून बनवतात. दाह शमवणाऱ्या टी-रेग पेशी आणि आयएल-१० यांची ड्यूटीही इथेच असते.

टीएनएफ-अल्फा या दाह वाढवणाऱ्या सायटोकाइनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पीएलजीएफशी त्याचं नातं सरळ आहे. थोडं टीएनएफ सुरुवातीला लागतं. गर्भ रुजणं ही एका अर्थानं आटोक्यातली जखम आणि तिचा दाहच आहे. त्याच काळात आयएल-१ ट्रोफोब्लास्टला आयएल-६ बनवायला लावतं आणि त्यातून एचसीजी सुटतं, ज्याची चाचणी आपण घरी पट्टीवर करतो. पण टीएनएफ वाढत गेलं की चित्र पालटतं. मानवी ट्रोफोब्लास्ट काचपात्रात घेऊन टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा एकत्र दिलं तर पेशी आत्महत्या करायला लागतात. त्याच पात्रात ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर घातला की त्या मरत नाहीत. १९९० च्या दशकातला हा प्रयोग मला आजही फार आवडतो, कारण एकाच पात्रात दोन्ही बाजू दिसतात: सायटोकाइनचा परिणाम काय होणार हे शेजारी कोणता ग्रोथ फॅक्टर किती आहे यावर ठरतं.

वाढलेलं टीएनएफ आणखी एक गोष्ट करतं. व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ ज्या ग्राहकाला चिकटतात त्याचं नाव फ्लिट-१. वार त्याची एक सुटी, रक्तात तरंगणारी आवृत्तीही बनवते: एसफ्लिट-१. ही आवृत्ती ग्रोथ फॅक्टरला वाटेतच पकडते. टीएनएफमुळे वारेतून एसफ्लिट-१ जास्त सुटतं. ऑक्सिजन कमी पडला तरी तेच होतं. इथे एक गमतीची गोष्ट आहे. ऑक्सिजन घटला की शरीरात जवळपास सगळीकडे व्हीईजीएफ वाढतं, पण ट्रोफोब्लास्टमध्ये पीएलजीएफ उलट घटतं. म्हणजे वाईट रक्तपुरवठ्यात पीएलजीएफ बनतं कमी आणि जे बनतं ते एसफ्लिट-१ गिळतं. रिपोर्टवरचा आकडा दोन्हीकडून मार खाऊन आलेला असतो. २००३ मध्ये बोस्टनमधले भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची आणि सहकाऱ्यांनी गाभण उंदरांना जास्तीचं एसफ्लिट-१ दिलं. बीपी वाढलं, लघवीतून प्रथिनं गेली, मूत्रपिंडात अगदी प्रीएक्लॅम्प्सियातले बदल दिसले. तुमच्या शेवटच्या आठवड्यात जे घडलं ते हेच.

सायटोकाइनची तिसरी वाट वाढीच्या हॉर्मोनांतून जाते. २०११ मध्ये कॅल्टेकच्या इलेन शाओ आणि पॉल पॅटरसन यांनी गाभण उंदरींना विषाणूसारखं भासणारं रसायन टोचलं, म्हणजे संसर्ग नाही, फक्त प्रतिकार चेतवलेला. आईच्या डेसिड्युआतल्या पेशींनी आयएल-६ वाढवलं, ते वारेतल्या पेशींवर जाऊन एसटीएटी-३ हा पेशीच्या आत निरोप पोचवणारा मार्ग चालू झाला, वाढीच्या हॉर्मोनांच्या कुळातली निर्मिती घटली आणि आयजीएफ-१ (इन्सुलिनसारखा ग्रोथ फॅक्टर) खाली आलं. आयएल-६ काढून टाकलेल्या उंदरींमध्ये हे झालं नाही. प्रतिकार रेणू ग्रोथ फॅक्टरचा नळ कसा आवळतो, याचा इतका पायरी-पायरीनं दाखवलेला नमुना क्वचित सापडतो.

आयजीएफ हे गर्भाच्या वाढीचं मुख्य इंधन. आयजीएफ-२ नसलेली उंदराची पिल्लं जन्मतः नेहमीच्या साधारण ६० टक्के वजनाची असतात, हे १९९० पासून माहीत आहे. आणि तुमच्या जुन्या फाइलमध्ये याच्याशी थेट नातं असलेला एक आकडा आहे: डबल मार्कर या पहिल्या तिमाहीतल्या रक्ततपासणीतला पीएपीपी-ए. आपण तो डाउन सिंड्रोमच्या जोखमीसाठी बघतो आणि विसरतो. खरं तर पीएपीपी-ए हे कात्रीसारखं काम करणारं एन्झाइम आहे. आयजीएफला बांधून ठेवणारं प्रथिन कापून ते आयजीएफ मोकळं करतं. तो फार कमी असेल तर वार अशक्त असण्याची ती आगाऊ सूचना असू शकते. पहिल्या वेळी किती होता ते शोधून काढा.

पुण्यात राहून हा विषय लिहायचा आणि वजनाबद्दल बोलायचं नाही, असं होणार नाही. केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रानं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकारानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो. त्या अभ्यासात सोनोग्राफीवर मोजलेला वारेचा मध्यावरचा आकार आईच्या गर्भारपणाआधीच्या वजनाशी जोडलेला दिसला. भारती विद्यापीठाच्या इंटरॅक्टिव्ह रिसर्च स्कूल फॉर हेल्थ अफेअर्समध्ये पुण्यातल्याच प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या महिलांमध्ये व्हीईजीएफ, पीएलजीएफ, एसफ्लिट-१ मोजण्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. म्हणजे आपल्या बायकांचे आकडे आपल्याला फक्त परदेशी तक्त्यांतून बघावे लागत नाहीत. लठ्ठपणातही चरबीतून टीएनएफ आणि आयएल-६ सतत झिरपत राहतात, आणि कृश आईची वार लहान राहते. त्यामुळे दिवस जाण्याआधीचे सहा महिने मला इंजेक्शनांपेक्षा जास्त मोलाचे वाटतात.

तुम्ही मायक्रोबायॉलॉजीच्या, म्हणून एक विषाणूची गोष्ट. २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवणे, मुंढवा भागात झिकाचे रुग्ण सापडले आणि त्यात गर्भवतीही होत्या, तेव्हा ओपीडीत रोज हाच विषय. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटानं २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं की झिकामध्ये वारेची घडण मोडते त्यात विषाणूइतकाच टाइप-१ इंटरफेरॉनचा हात असतो. एकाच मादीच्या पोटात, इंटरफेरॉनचा ग्राहक असलेले गर्भ मेले आणि नसलेले वाचले. वाचलेल्यांमध्ये विषाणू जास्त होता, तरीही. तोच इंटरफेरॉन इतर वेळी विषाणूपासून वाचवतो. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून गुळवेलीचे काढे आणि ‘प्रतिकारशक्ती दाबा’ म्हणून स्टेरॉइड, दोन्ही एकाच आठवड्यात घेणाऱ्या पेशंट मी पाहिल्या आहेत. दोन्हीमागचा विचार एकच, आणि तो चुकीचाच: ही यंत्रणा म्हणजे एकच बटण आहे.

आता सेंटरनं सुचवलेल्या गोष्टी.

रक्तातले १८ टक्के एनके. रक्तात त्या लिम्फोसाइटपैकी साधारण ५ ते १५ टक्के असतात, आणि जिना चढून धापा टाकत आलात किंवा सुईला घाबरलात तरी थोड्या वेळात वाढतात. गर्भपिशवीत काय चाललंय ते या आकड्यावरून कळत नाही. युरोपातल्या ‘एश्रे’ या प्रजनन तज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत वारंवार गर्भपात होणाऱ्यांसाठीसुद्धा या चाचणीची आणि इंट्रालिपिडची शिफारस नाही, कारण पुरेसा पुरावा नाही. तुमचा तर गर्भपाताचा इतिहासच नाही. कारणाविना स्टेरॉइड देऊ नये. त्यानं साखर आणि बीपी वाढतं, आणि तुमची अडचण बीपीचीच आहे. वडिलांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा प्रकार तुम्हाला अजून कुणी सुचवला नसेल, पण सुचवतील. १९९९ च्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, उलट टोचलेल्या गटात यश कमीच होतं. वेगमन यांच्या कामावरून पुढे ‘मग सायटोकाइनच टोचू’ असंही झालं: वारंवार गर्भपात झालेल्या १५० महिलांना ब्रिटनमध्ये जी-सीएसएफ किंवा औषध नसलेलं इंजेक्शन दिलं, काही फरक पडला नाही. बाहेरून दंडात टोचलेला रेणू डेसिड्युआत योग्य पेशीशेजारी, योग्य दिवशी पोचेल, ही अपेक्षाच भाबडी आहे.

एक अपवाद खरा आहे आणि तो तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंड बनवतं असा आजार. ३४ आठवड्यांच्या आत प्रीएक्लॅम्प्सियामुळे बाळंतपण झालं असेल तर ही तपासणी व्हायलाच हवी. लुपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या तीन रक्तचाचण्या; पॉझिटिव्ह आलं तर १२ आठवड्यांनी पुन्हा. यात प्रतिपिंड खरोखरच वारेवर काम करतात, कॉम्प्लिमेंट (रक्तातली प्रतिकार प्रथिनांची साखळी) चेतवतात, आणि उंदरांत दिसलंय की कॉम्प्लिमेंटमधल्या सी५ए मुळे मोनोसाइट एसफ्लिट-१ सोडतात आणि व्हीईजीएफ अडकतं. इथे हेपॅरिनचा उपयोग होतो, आणि तो रक्त पातळ करण्यापुरता नाही. ते कॉम्प्लिमेंटलाही आवरतं. म्हणजे प्रतिकार यंत्रणेवर उपचार असतात, पण नेमका बिघाड दिसल्यावर नेमक्या जागी.

तपासणी निगेटिव्ह आली तर तुमच्यासाठी ज्याचा पुरावा आहे ते औषध काही रुपयांचं आहे. ॲस्पिरिन १५० मिलिग्रॅम, रात्री झोपताना, १२व्या आठवड्यापासून ३६व्यापर्यंत. २०१७ च्या ‘ॲस्प्री’ चाचणीत सहा देशांतल्या १,७७६ जास्त जोखमीच्या महिला होत्या. ३७ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला. १६ आठवड्यांनंतर सुरू केल्यास फायदा घटतो, आणि आता त्याचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल: धमन्या बदलण्याचं बरंचसं काम तोवर उरकत आलेलं असतं. ८ आठवड्यांना वारेतला ऑक्सिजनचा दाब २० मिलिमीटरच्या आसपास असतो, १२ला ५० च्या वर. त्या चार आठवड्यांत आईचं रक्त वारेत मोकळं वाहायला लागतं. काचपात्रातल्या ट्रोफोब्लास्टमध्ये ॲस्पिरिननं एसफ्लिट-१ कमी झाल्याचंही दिसलं आहे.

पुन्हा होण्याची शक्यता लपवत नाही. २८ ते ३४ आठवड्यांत बाळंतपण झालेल्यांपैकी साधारण तिघींत एकीला पुढच्या वेळी कुठल्या ना कुठल्या स्वरूपात प्रीएक्लॅम्प्सिया होतो, बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा उशिरा आणि सौम्य. दिवस जाण्याआधी बीपी, लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन, एचबीए१सी आणि थायरॉइड बघून घ्या. हिमोग्लोबिन सुधारून ठेवा. १४व्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका. लोहाच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नका, एवढंच. २४ आठवड्यांनंतर डोकं दुखलं, सूज आली, बीपी थोडं जरी चढलं, तर एसफ्लिट-१ आणि पीएलजीएफचं गुणोत्तर करता येतं. ते ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता फार कमी, ९९ टक्क्यांहून जास्त खात्रीनं. ही चाचणी आजार बरा करत नाही. पण विनाकारण ॲडमिट होणं आणि विनाकारण घरी थांबणं, दोन्ही टाळते.

दिवस गेल्याचं कळलं की ११ ते १३ आठवड्यांच्या स्कॅनची वेळ लगेच घेऊन ठेवा. त्याच दिवशी दोन्ही हातांवरचं बीपी, गर्भाशयाच्या धमन्यांचं डॉप्लर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) आणि पीएलजीएफ करायचं असं आधी सांगा. डबल मार्करच्या फॉर्मवर पीएलजीएफ आपोआप नसतं, ते डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्यावं लागतं. ॲस्पिरिन मात्र त्या आकड्याची वाट बघत थांबवायचं नाही. तुमचा पहिला इतिहासच त्यासाठी पुरेसा आहे.